‘काच संक्रमण तापमान’ला दुसरा शब्द सुचवा, मुकादम अडलाय

पुलाखालचा:
मंडळी, मी पूलदुरुस्तीच्या कामावर असतो. काँक्रीटच्या बीमला खालून कार्बन फायबरच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवतो. कामगारांसाठी मराठीत दोन पानी सूचना लिहायला घेतल्या आणि एकाच वाक्यावर घोडं अडलं. साइटवर लावायची इपॉक्सी भट्टीत न घालता नुसत्या हवेवर सेट होते, त्यामुळे साधारण 60 ते 80 अंशांच्या दरम्यान कुठेतरी तिचा कडकपणा जातो. काँक्रीटला काही होत नाही, कार्बनलाही नाही, पण मधला थर रबरासारखा होतो आणि पट्टीचा बाँड जातो. म्हणून वापरातलं तापमान त्याच्या निदान 15 अंश खाली राहायला हवं, असं अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचं मार्गदर्शन आहे. या तापमानाला मी ‘काच संक्रमण तापमान’ लिहिलं. मुकादमाने वाचून विचारलं, “साहेब, आपण तर कार्बन लावतोय, मग काचेचं तापमान कशाला बघायचं?” त्याचं बरोबर आहे, साइटवर ग्लास म्हणजे ग्लास फायबर. खोडून ‘वितळबिंदू’ केलं तर आमच्या इंजिनियर बाई म्हणाल्या, इपॉक्सी वितळतच नाही, हे साफ चूक आहे. आता काय लिहू?

सोनारआळी:
पाघळणे! आमच्या घरी ठोक्याचं काम राळेवर चालायचं. राळ गार असली की दगड, ठोका कितीही. ज्योत फिरवली की पाणी होत नाही, नुसती पाघळते, बोट दाबलं तर ठसा उठतो, आणि दागिना अलगद सुटून हातात येतो. तुमच्या पट्टीचं हेच होतंय. ‘पाघळबिंदू’ लिहा.

तत्सम:
पाघळणे यात ओघळणं आलं. लोणी पाघळतं, गूळ पाघळतो. सेट झालेली इपॉक्सी कितीही तापवली तरी ओघळत नाही, जास्त तापली तर जळते. आणि बिंदू तर मुळीच नको, ते काही एका अंशावर होत नाही, हळूहळू होतं. काच हा शब्द तिथे विचार करून ठेवलेला आहे, त्या तापमानाच्या खाली पदार्थ काचेसारखा कडक असतो म्हणून. मुकादमाला कळत नाही म्हणून परिभाषा मोडायची का? एकदा समजावून सांगा, पुढच्या वेळी तोच दुसऱ्याला सांगेल.

सोनारआळी:
मन पाघळतं तेव्हा काय ओघळतं?

मिस्त्रीचा नातू:
तापमान राहू द्या, आधी ‘बाँड’चं बघा. ‘बंध’ लिहिलंय का? आमचे आजोबा पकड म्हणायचे. जुन्या भिंतीला टाचे मारल्याशिवाय गिलावा पकड घेत नाही, हे त्यांचं वाक्य. प्लास्टरवर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि पोकळ आवाज आला की सांगायचे, इथे सुटलंय. आम्ही या पट्ट्यांवर छोट्या हातोडीने तेच करतो. आणखी एक. चांगली चिकटलेली पट्टी जबरदस्तीने उचकटली तर तिच्या पाठीला वाळू, बारीक खडी, सिमेंटचा पातळ थर असं सगळं येतं, म्हणजे काँक्रीट फाटलं, चिकटवण नाही. याला मी खपली निघणे म्हणतो. तापलेली पट्टी ओढली तर पाठ कोरी, नुसती गुळगुळीत इपॉक्सी. ते सुटणे. सूचनांमध्ये दोन्हीला एकच शब्द वापरू नका, पोराला पट्टीची पाठ बघूनच कळायला हवं की काय बिघडलं.

तत्सम:
पकड चिमट्याची असते. चिकटण्याला आसंजन हा तयार शब्द आहे. संग, प्रसंग, आसक्ती हे सगळे त्याच ‘सञ्ज्’ धातूचे, चिकटणे या अर्थाचे. इतका जवळचा शब्द सोडायचा कशाला?

शाळेचा फळा:
एक शंका. सूचनांमध्ये ‘कंपोझिट’ला, म्हणजे फायबर आणि इपॉक्सी मिळून झालेल्या मालाला, काय लिहिलंय? ‘संमिश्र’ लिहिलं असेल तर बदला. शाळेत आम्ही मुलांना पितळ म्हणजे तांबं आणि जस्ताचं संमिश्र असं शिकवतो, संमिश्र म्हटलं की मराठी माणसाला धातूच आठवणार.

कॅलगरीकर:
आमच्याकडे उलटं दुखणं, थंडीत पारा उणे 30 पर्यंत जातो. इपॉक्सी मऊ नाही, ठिसूळ होते. आणि काँक्रीट आकसतं, पण कार्बन तंतूच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. 20 अंशांना चिकटवलेली पट्टी उणे 20 ला गेली की मीटरमागे काँक्रीट साधारण 0.4 मिलिमीटर आत जायला बघतं, पट्टी जात नाही, ती सगळी ओढाताण त्या दोन मिलिमीटरच्या थराने सोसायची, तीही पट्टीच्या टोकाला सगळ्यात जास्त. याला मी तरी काचणे म्हणेन. मधला थर काचतो.

सोनारआळी:
वा! म्हणजे काच आलाच की परत. सासरचा काच तो हाच, काचेसारखा टोचतो म्हणून.

मिस्त्रीचा नातू:
नाही हो. दोरी काचते, नाडा काचतो, कमरेला वळ उठतो. यात टोचणं कुठे आलं, हे घट्ट बांधलेलं असल्यामुळे होतं.

तत्सम:
नातू बरोबर बोलतोय. संस्कृतात ‘कच्’ म्हणजे बांधणे, आणि ‘काच’ म्हणजे काच तर आहेच, पण कावडीची दोरीसुद्धा. म्हणजे बाँडचाच अर्थ आत बसलाय.

पुलाखालचा:
खपली आणि सुटणे दोन्ही घेतले, फार कामाचे आहेत. कंपोझिट काढून सरळ ‘कार्बन पट्टी’ केलं. तापमानाला आत्तापुरतं ‘इपॉक्सी मऊ पडायचं तापमान’ लिहिलंय. मे महिन्यात नागपूरकडे हवाच 45 अंशांवर जाते आणि काळी पट्टी उन्हात त्याहून खूप तापते, त्यामुळे हे वाक्य कळायलाच हवं. उद्या सकाळी मुकादमाला वाचून दाखवतो.

तत्सम:
कंसात ‘काच संक्रमण’ राहू द्या.

सोनारआळी:
नाडा काचतो हे मान्य, पण मग काचेच्या बांगडीला काकण म्हणतात ते कुठून आलं?