मदत हवी आहे: इंदूर–पुणे इलेक्ट्रिक कारने, घाटासाठी ॲपमध्ये काय भरावं?

नमस्कार मंडळी. दिवाळीत आई-बाबांना घेऊन सेंधवा-धुळे-मनमाड-नगरमार्गे पुण्याला जायचंय, साधारण 600 किलोमीटर. बॅटरी 40 किलोवॅट-अवर, सॉकेट सीसीएस-2 (जलद चार्जिंगचा प्रकार). वेग 80-85च्या वर नेणार नाही, एसी मात्र लागेलच. बाबांना मधुमेह आहे, म्हणून जेवणाच्या वेळी थांबा हवाच. रात्रीचा प्रवास नको.

‘ए बेटर रूट प्लॅनर’ या इलेक्ट्रिक गाड्यांच्या ॲपमध्ये मार्ग आखला, थांबे ‘प्लगशेअर’ या चार्जर दाखवणाऱ्या ॲपवर ताडून पाहिले. मागच्या महिन्यात सेंधव्यापर्यंत जाऊनही आलो. जाताना मानपूरच्या उतारावर चार्ज परत मिळाला (वेग रोखताना मोटरच बॅटरी भरते), अंदाजापेक्षा जास्तच उरला. परतताना नर्मदा ओलांडल्यावर चढ लागला आणि ॲपने 24 टक्के सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत 11वर आले. वाटेत एका हॉटेलबाहेरचा चार्जर ॲपमध्ये चालू होता; प्रत्यक्षात स्क्रीन काळी, गाडीला लावायच्या चार्जिंग गनवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. आई-बाबा सोबत असताना असं झालं तर फार कठीण होईल.

ॲपमध्ये विजेचा खप मी किलोमीटरला 130 वॅट-अवर भरला होता. तीन माणसं आणि सामान धरून, सेंधव्यापुढच्या बिजासन घाटासकट, तो किती भरावा आणि पोहोचतानाचा किमान चार्ज किती ठेवावा? आणि सेंधवा ते धुळे या टप्प्यात गेल्या महिनाभरात कुणी स्वतः वापरलेला डीसी (जलद) चार्जर कुठला?