ऑनलाइन ओळख झालेल्या मुलीला भेटायला जॉर्जियाला जायचंय, आईला काय सांगू?

अडलेलं_प्यादं (वडोदरा)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. वय 34, घर दांडिया बाजारात, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत अकाउंट्सला. रात्री जेवण झालं की मोबाईलवर बुद्धिबळ खेळतो, तिथेच एक जण वारंवार समोर यायची आणि दर वेळी घोड्यांनीच माझा जीव घ्यायची. 2025 च्या जुलैत दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्डकप घेतला, त्या दिवशी हिनं चॅटमध्ये लिहिलं की तुमची मुलगी आमच्या समुद्रकिनारी येऊन जिंकली, अभिनंदन. ही जॉर्जियातल्याच कुताईसी गावची, शाळेत गणित शिकवते. मी लिहिलं, बुद्धिबळाच्या माजी जगज्जेत्या माइया चिबुरदानिद्झे तुमच्याच गावच्या ना, बस, तिथून जे बोलणं सुरू झालं ते आजपर्यंत चालूच आहे. वेळेचा फरक फक्त दीड तासाचा, तिचे साडेनऊ म्हणजे आपले अकरा, त्यामुळे आईला वाटतं मी अजून गेमच खेळतोय.

व्हिडिओ कॉल रोजचे आहेत, तिची आजी, शाळा, गल्ली सगळं बघून झालंय. एकदा तिनं लिहिलं की मामा हॉस्पिटलात आहे, मी आपला तीन दिवस तुझे मामा कसे आहेत, मामींना धीर दे असं करत बसलो. नंतर कळलं, त्यांच्यात मामा म्हणजे वडील. आई म्हणजे देदा. ती अजून हसते त्यावर.

तर ऑक्टोबरमध्ये आठ दिवस जायचं ठरवतोय, पहिलाच परदेश प्रवास. ती म्हणते आमच्याच घरी उतर, आजीनं खोली रिकामी करून ठेवलीय. मला जरा अवघड वाटतं. आणि आईला काय सांगू? ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगावं असा विचार आहे. व्हिसाचं वगैरे पण कोणाला माहीत असेल तर सांगा.

निवृत्त_निवांत (ग्वाल्हेर)

पैसे मागितले का आतापर्यंत? कधीही, कुठल्याही कारणानं? वडिलांच्या आजारपणात मागितले असतील बघा.

अडलेलं_प्यादं

नाही काका, एकदाही नाही. उलट मीच विचारलं होतं काही मदत हवी का, तर दोन दिवस बोलली नाही. नंतर पोस्टानं चुर्चखेला पाठवली, ते अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवतात, दिसायला मेणबत्तीसारखं. आईला सांगितलं ऑफिसातल्या मित्रानं दिलं.

निवृत्त_निवांत

मग ठीक. मी संशयी आहे कारण आमच्या कॉलनीत एकाचं असंच झालं, गिफ्ट कस्टममध्ये अडकलंय म्हणून आधी थोडे, मग दंड, मग अजून काही, आणि तो लाजेपोटी सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन करायलाही तयार नव्हता. पण त्यातली बाई कधी कॅमेऱ्यासमोर आली नाही. तुझी आजीसकट येते म्हणजे निराळं प्रकरण आहे. तरी पहिली भेट तिच्या ओळखीच्या एखाद्या बारमध्ये ठेवू नकोस, असं कोणी बोलावून घेतं आणि शेवटी भलतंच बिल समोर येतं, हा खेळ बऱ्याच शहरांत चालतो. शाळामास्तरीण असं करणार नाही म्हणा, पण भेट भरदिवसा, चार लोकांत. तेवढं ऐक.

कारेलीबागवाला

अरे वा, आपल्याच गावचा माणूस. भाऊ, व्हिसाचं सांगतो. ई-व्हिसा ऑनलाइन निघतो, पण एक डोक्यात ठेव, व्हिसा मिळाला म्हणजे आत घेतलंच असं नसतं, शेवटी काउंटरवरचा माणूस ठरवतो आणि जॉर्जियात आपल्या लोकांना बरेच प्रश्न विचारतात. परतीचं तिकीट, आठही रात्रींचं बुकिंग, कंपनीचं रजेचं पत्र, कार्डवर पैसे आणि थोडी रोकड, सगळं कागदावर छापून ने, मोबाईल ऐन वेळी बंद पडतो. 1 जानेवारी 2026 पासून त्यांनी इन्शुरन्स पण सक्तीचा केलाय, कमीत कमी 30,000 लारीचं (लारी म्हणजे त्यांचं चलन) कव्हर लागतं, तेव्हा स्वस्तातली पॉलिसी उचलण्याआधी आकडा बघ ने.

आता मुख्य गोष्ट. कोणाला भेटायला आलास असं विचारलं तर खरं सांग. आमच्या ग्रुपमधला एक जण दुसऱ्याच एका देशात मैत्रिणीला भेटायला चालला होता, काउंटरवर म्हणाला इथे कोणाला ओळखत नाही, फक्त फिरायला आलोय, आणि मग बुकिंग कोणाच्या नावावर आहे ते बघितल्यावर त्याची बोबडी वळली. चाळीस मिनिटं बाजूच्या बाकावर. तुझं तर आणखी अवघड होईल, घरी ट्रेनिंग, तिकडे टुरिस्ट, म्हणजे दोन गोष्टी पाठ करून जायच्या. त्यात आईचा फोन आला आणि तिनं विचारलं ट्रेनिंगला कोण कोण आलंय, तर?

विमानानं तिबिलिसीला, म्हणजे त्यांच्या राजधानीत उतर. तिथून कुताईसी साधारण सव्वादोनशे किलोमीटर, मार्शुत्का म्हणून मिनीबस असतात. रात्री उतरलास तर ती रात्र तिबिलिसीतच काढ.

सराफ्याची_खाऊगल्ली (इंदूर)

मी हे करून बसलेली आहे म्हणून लिहिते. 2019, प्राग. सव्वा वर्षाची ओळख, रोज रात्री दोन-दोन तास गप्पा. घरात फक्त वहिनीला माहीत होतं. तिच्याकडे त्याचा नंबर, पत्ता, माझ्या हॉटेलचं नाव, सगळं होतं आणि रोज रात्री दहाला तिला एक मेसेज टाकायचा असं ठरलं होतं.

तो वाईट माणूस नव्हता हो. स्टेशनवर फुलं घेऊन आला होता. पण भिया, फोनवर कळत नाहीत अशा किती गोष्टी असतात! तो इतक्या भराभर चालायचा की चार्ल्स ब्रिजवर मी सारखी दहा पावलं मागे, आणि त्याच्या ते लक्षातच यायचं नाही. वेटरशी तुटक बोलायचा. जेवताना गप्प. फोनवर गप्प बसला की मला वाटायचं विचार करतोय, समोर बसल्यावर कळलं, काही सांगायलाच नाहीये. माझंही त्याला काही खटकलं असेलच, आल्या आल्या मी त्याच्या स्वयंपाकघरात पोहे करायला घेतले होते! तिसऱ्या दिवशी दोघांनीही ओळखलं. मी हॉटेलवर होते म्हणून बरं, उरलेले चार दिवस ट्राममधून एकटी मजेत फिरले. त्याच्या घरी उतरले असते तर ते चार दिवस कसे काढले असते ते विचार करूनच अंगावर काटा येतो.

तेव्हा खोली आपली आपण घे. आजीकडे रोज जेवायला जा, जेवढं म्हणेल तेवढं खा, पण झोपायला स्वतःच्या खोलीवर. आणि हे तिला आत्ताच सांगून टाक, तिथे जाऊन नको, आजीचा मान राहील असं सांग.

अजून एक, तुम्ही सगळे याला फसवतील का हेच बघताय. तिच्या बाजूनं बघा ना. परक्या देशातला, कधी न भेटलेला पुरुष आठ दिवसांसाठी तिच्या गावात येतोय, छोटं गाव, शाळेत शिकवते, उद्या पालक विचारतील. तिला विचारलंस का तिला काय अडचणी आहेत ते?

अडलेलं_प्यादं

ताई, खरं सांगतो, नव्हतं विचारलं. काल रात्री विचारलं. ती म्हणाली की तिनं शाळेत आधीच सांगून ठेवलंय की भारतातून एक बुद्धिबळवाला येतोय आणि मुलांसोबत खेळणार आहे. म्हणजे मला आता तिसरीच्या पोरांकडून हरायचं आहे. हॉटेलचं पण बोललो, आधी जरा फुरंगटली, मग तिनंच रिओनी नदीजवळचं एक गेस्टहाउस सुचवलं, आजीच्या घरापासून चालत दहा मिनिटं.

कारेलीबागवाला

आणि आई?

अडलेलं_प्यादं

सांगितलं. रविवारी सकाळी, पूजा आटोपल्यावर. सगळं सांगितलं, बुद्धिबळ, कुताईसी, चुर्चखेला कुठून आली ते पण. बराच वेळ काही बोलली नाही, नुसती भाजी निवडत बसली. मग विचारलं, घरात कोण कोण असतं. मी म्हटलं आजी, आई, आणि वडील, म्हणजे मामा म्हणतात त्यांना, मध्ये आजारी होते. संध्याकाळी स्वतःहून माझ्या खोलीत आली, म्हणाली लीलो चेवडो दोन किलो सांगून ठेवते, सीलबंद पाकिटं ने, आणि तिच्या मामांना तिखट चालतं का तेवढं विचारून घे.

आता मामांचं परत कुठे समजावत बसू. विचारून घेतो म्हटलं.