वस्तीतली मुलं सोल्युशन हुंगतात, नेमकं काय करायचं?

वस्ती_अभ्यासिका:
पुण्यात रुळांलगतच्या वस्तीत संध्याकाळी ७ ते ९ अभ्यासिका चालते. ११ ते १४ वयाची चार मुलं दिवसा भंगार वेचतात आणि पंक्चरचं सोल्युशन रुमालावर ओतून हुंगतात. दोघं तशीच झिंगत वर्गात येतात. बाकीचे पालक म्हणतात, त्यांना काढून टाका. एकाची आई विधवा आहे, धुणीभांडी करते. यावर औषध असतं का? व्यसनमुक्ती केंद्रात मोठ्या माणसांबरोबर ठेवावं का?

मनोविकार_ओपीडी:
हे व्यसन सोडवणारं खास औषध नाही. त्यामुळे "गोळी द्या" म्हणत दवाखाने फिरण्यात दिवस घालवू नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट सर्व स्वयंसेवकांना सांगा: झिंगलेल्या मुलाच्या मागे धावायचं नाही, ओरडायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. सोल्युशनमधल्या टोल्युइनसारख्या द्रावकाने हृदय अॅड्रेनलिनला, म्हणजे भीतीत शरीर सोडतं त्या संप्रेरकाला, फार हळवं होतं. त्यात मूल घाबरून पळालं तर हृदयाचा ताल बिघडून ते जागीच दगावू शकतं, अगदी पहिल्यांदा हुंगलं असलं तरी. शांतपणे मोकळ्या हवेत बसवा. गुंगी असेल तर कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात पाणी ओतू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, जवळ कुणी विडी पेटवू नये. हाकेला ओ देत नसेल तर १०८.

झिंग काही मिनिटांत उतरते, म्हणून मूल पुन्हा पुन्हा हुंगतं. बाहीला रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, लाल डोळे, मंदावलेली भूक या खुणा बघा. बंद केल्यावर काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. लक्ष लागायला आणखी वेळ जातो, त्यामुळे धडे दहा-दहा मिनिटांचेच ठेवा. मोठ्यांच्या वॉर्डात मात्र मुलाला ठेवू नका. तिथे ते दारू-गांजाच्या गोष्टी ऐकून येतं. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही सल्ला मिळतो.

गृहभेट_कार्यकर्ती:
२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त: १.१७ टक्के विरुद्ध ०.५८. कारण सरळ आहे. ती स्वस्त आहे, कोपऱ्यावर मिळते आणि भूक मारते. म्हणून सुरुवात जेवणापासून करा.

आठवडाभर नोंद ठेवा: कधी हुंगतात, कुठे, कुणाबरोबर, पैसे कुठून आले. बहुतेकदा भंगार विकून हातात रोकड आली की तिथून रात्रीपर्यंतचा वेळ धोक्याचा असतो. तुमचा वर्ग ७ ला उघडतो, तोवर उशीर झालेला असतो. दुपारी ४ ला दार उघडा. आधी उसळ-पोळी किंवा खिचडी, मग खेळ, मग पाटी-पुस्तक. झिंगलेला मुलगा वर्गात बसणार नाही हा नियम राहू द्या, पण त्याला दारातून परतही पाठवू नका. कुणी मोठ्या माणसाने त्याच्याबरोबर ओट्यावर बसावं. हाकललेलं मूल थेट त्या टोळक्यातच जातं.

विधवा आईसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज आजच करा: मुलामागे महिना २,२५० रुपये. मुलाचं व आईचं आधार, वडिलांचा मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाइड, बँक पासबुक. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो, गृहभेट होते, मग बालकल्याण समितीचा आदेश निघतो. फाइल अडते ती बहुधा मृत्यूच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून, किंवा खातं आधारला जोडलेलं नसतं म्हणून. हे दोन्ही आधी दुरुस्त करा. शाळा सुटली असेल तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, वर्षाच्या मधेही.

वस्ती_अभ्यासिका:
उद्यापासून ४ ला उघडतो. दुकानदाराचं काय? पोलिसांत जावं का?

बालहक्क_वकील:
मुलांविरुद्ध तक्रार अजिबात नको. कायद्याच्या नजरेत ती काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालकं आहेत. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा किंवा बालकल्याण समितीकडे न्या. संस्थेत, म्हणजे बालगृहात टाकतील या भीतीने आया मुलं लपवतात. त्यांना सांगा की कायद्याने संस्था हा शेवटचा पर्याय आहे.

दुकानदाराविरुद्ध बालन्याय कायद्याचं कलम ७७, म्हणजे मुलांना नशेचे पदार्थ देण्याचा गुन्हा, लोक लगेच सुचवतात. त्यात दारू, तंबाखू, अमली व मनोव्यापारी (मनावर परिणाम करणारे) पदार्थ आहेत, द्रावकाचं नाव नाही. त्या आधारावर केस लंगडी पडते. बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरच्या किरकोळ विक्रीवर मात्र २०१२ पासून बंदी आहे, ते सापडलं तर लेखी तक्रार द्या. सोल्युशनसाठी वस्तीतल्या चार बायकांना घेऊन दुकानात जा आणि "सायकल दाखवल्याशिवाय पोरांना सोल्युशनची ट्यूब द्यायची नाही" एवढंच ठरवून घ्या. कुणी मोठा माणूस मुलांकडून गांजा किंवा दारू विकून घेत असेल, तर ते कलम ७८: ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. तिथे पोलिसांत जाच, पण मुलाचं नाव वस्तीत फुटू देऊ नका.