परदेशी बँकांचं अल्पमुदतीचं कर्ज: १९९७ च्या आशियाई चलनसंकटात जास्त धोक्यात कोण, कोरिया की थायलंड?

सूतबाजार_सोलापूर:
टॉवेल निर्यातदारांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, "कोरियाचं कर्ज थायलंडच्या दीडपट होतं, म्हणून तो जास्त धोक्यात." असं नुसतं रकमेवरून ठरवू नका. जून १९९७ चे बीआयएसचे (मध्यवर्ती बँकांची आंतरराष्ट्रीय बँक) आकडे बघा. वर्षभरात फेडायचं बँककर्ज कोरियाचं सुमारे ७० अब्ज डॉलर, थायलंडचं ४५.६ अब्ज. पण कोरियाची अर्थव्यवस्था तिपटीहून मोठी, म्हणजे त्या मापानं थायलंडच जड. खरं माप परकीय चलनाच्या गंगाजळीचं: कोरिया ३४ अब्ज, थायलंड ३१ अब्ज. कर्ज भागिले गंगाजळी हे गुणोत्तर कोरियाचं २ च्या वर, थायलंडचं दीडच्या आत. कोरिया जास्त धोक्यात होता हे खरं, पण कारण हे आहे.

आणि हो, बीआयएस उरलेली मुदत धरते. पाच वर्षांच्या कर्जाचे आठच महिने उरले असतील तर ते अल्पमुदतीतच येतं. मूळ मुदतीचा आकडा दुसऱ्या देशाच्या उरलेल्या मुदतीच्या आकड्यासमोर ठेवला की तुलना तिथंच फसते.

होटगी_रोड:
मालक, थायलंडचे ३१ अब्ज फक्त कागदावर होते. बाथ, म्हणजे थायलंडचं चलन, सावरायला त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं २३ अब्जांवर डॉलर फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायच्या करारानं, विकून ठेवले होते. फॉरवर्ड विकलेला डॉलर आज ताळेबंदात दिसतो, पण तारखेला द्यावाच लागतो. ते वजा केले तर उरतात ८ अब्ज, आणि गुणोत्तर जातं साडेपाचच्या पुढं. २ जुलैला बाथ मोकळा सोडावा लागला तो यामुळंच. तुमचा क्रम उलटा आहे.

सूतबाजार_सोलापूर:
वजाबाकी करायची तर दोन्हीकडं करा. कोरियाच्या मध्यवर्ती बँकेनं गंगाजळीतले डॉलर आपल्याच बँकांच्या परदेशी शाखांत ठेवले होते. त्या शाखांना जुनी कर्जं फेडायला ते लागले, मग परत कुठून मिळणार? नोव्हेंबरअखेर हाताशी उरले जेमतेम ७ अब्ज. शिवाय या शाखांनी घेतलेलं कर्ज सरकारी बाह्यकर्जाच्या आकड्यात धरलंच नव्हतं.

लेखापाल_सात_रस्ता:
दोघंही गंगाजळीवरच अडलात. इतकं कर्ज अल्पमुदतीचंच का झालं, तेही बघा. कोरियानं लांब मुदतीच्या परदेशी कर्जावर बंधनं ठेवली आणि अल्पमुदतीचं सैल सोडलं. थायलंडनं १९९३ मध्ये बँकॉकची ऑफशोअर बँकिंग सोय (परदेशातून डॉलर उचलून कर्जाऊ द्यायची मुभा) उघडली, तिथून आलेले डॉलर जमीन-इमारतींत गेले. वर बासलचा, म्हणजे बँकांनी किती भांडवल ठेवायचं याचा, तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम: ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाबाहेरच्या देशातल्या बँकेला वर्षाच्या आत दिलेल्या कर्जाला जोखीमभार (भांडवल ठेवताना कर्जाचा किती हिस्सा धरायचा तो) २० टक्के, वर्षापुढच्याला १०० टक्के. मग देणारी बँक लांबचं कर्ज कशाला देईल? सूत तीस दिवसांच्या उधारीवर उचलायचं आणि पैसे बांधकामात घालायचे, तसा हा व्यवहार. व्यापारी पुढची उधारी नाही म्हणाला की संपलं.

होटगी_रोड:
कारणं मान्य. पण गुणोत्तर फक्त धोका दाखवतं, सुटका दाखवत नाही. कोरियात कर्जदार मुख्यतः बँका, देणाऱ्याही बँका. म्हणून जानेवारी १९९८ मध्ये एका टेबलावर बसून सुमारे २४ अब्जांचं कर्ज सरकारी हमीनं एक ते तीन वर्षांवर नेण्याचं ठरवता आलं. इंडोनेशियाचं गुणोत्तर १.७, कोरियापेक्षा कमी. तरी तिथं देणं शेकडो खासगी कंपन्यांवर विखुरलेलं, तडजोडीला बसवायचं कुणाला? देश तोलताना कर्जदार कोण हा रकाना नसेल तर तो तक्ता मला अर्धवटच वाटतो.

सूतबाजार_सोलापूर:
रकाना जरूर घाला, पण गुणोत्तराच्या नंतर. टेबलावर बसायची वेळच येऊ नये म्हणून ते आधी बघायचं. १ च्या वर गेलं की दुसऱ्या बँका मुदतवाढ नाकारतील या भीतीनंच प्रत्येक बँक पळ काढते, मग कर्जदार कुणीही असो.