मदत हवी आहे: विचर ३ या गेमची बाहेरच्या देशातली डिस्क, खातं भारतातलं. एक्सपान्शन चालेल का?

मंडळी, नमस्कार. आधी अडचण सांगतो.

माझ्याकडे पीएस४ (प्लेस्टेशन ४ कन्सोल) आहे आणि विचर ३ ची सेकंड हँड डिस्क आहे. नुसता मूळ गेम, गेम ऑफ द इयर आवृत्ती नव्हे. आता 'हार्ट्स ऑफ स्टोन' आणि 'ब्लड अँड वाइन' ही दोन्ही एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या नव्या कथा, घ्यायची आहेत. पीएसएन (प्लेस्टेशनचं ऑनलाइन) खातं भारतातलं. डिस्क देताना दुकानदार "बाहेरची आहे, पण चालते" एवढंच बोलला होता, आणि चालतेही. पण कामावरचा एक मित्र म्हणतो, डिस्क एकीकडची आणि खातं दुसरीकडचं असलं की गेम चालतो, विकत घेतलेलं एक्सपान्शन मात्र त्याला लागत नाही. हे खरं आहे का? पैसे भरायच्या आधी खात्री कशी करायची?

मी कोल्हापुरात उद्यमनगरात सीएनसी मशीनवर काम करतो. दुसरी पाळी सुटल्यावर घरी येऊन जेवण उरकलं की थोडा वेळ खेळतो. धाकटी बहीण शेजारी बसते. लढाया माझ्याकडे, संवादातले पर्याय तिच्याकडे, अशी आमची वाटणी आहे. गेममधल्या वेलेन नावाच्या मुलखात टेकडीखालच्या झाडात कोंडलेल्या आत्म्याला सोडायचं की मारायचं, यावर तिनं मला कंट्रोलर खाली ठेवायला लावला. आधी गावातल्या सगळ्यांशी बोलून ये म्हणाली, आणि त्या रात्री पुढं खेळूच दिलं नाही. असा गेम मी दुसरा बघितलेला नाही. तिचं पुण्याला कॉलेज सुरू व्हायच्या आत दोन्ही एक्सपान्शन तिच्याबरोबर बघायची आहेत, म्हणून घाई.

डीएलसी (गेमला नंतर जोडायचा डाउनलोड) म्हणजे लूट, असं लिहायला कुणी येण्याआधी माझं मत सांगतो. २००६ साली ऑब्लिव्हियन या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं होतं. त्याला लोकांनी शिव्या घातल्या त्या बरोबरच होत्या. पण इथं गोष्ट वेगळी आहे. मूळ गेम मे २०१५ चा. त्यानंतर तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडनं सोळा लहान डीएलसी फुकट दिली आणि पैसे फक्त दोन मोठ्या कथांचे घेतले. पहिली ऑक्टोबर २०१५ मध्ये आली, दुसरी मे २०१६ मध्ये. पहिलीत दहा तासांचा आणि दुसरीत वीस तासांचा खेळ आहे, असं त्यांनीच आधी सांगितलं होतं. 'ब्लड अँड वाइन'मध्ये तर तूसाँ नावाचा अख्खा नवा प्रदेश आहे. नवी माणसं, नवा मुलूख आणि नवा पेच मिळत असेल तर मी आनंदानं पैसे देईन. फक्त ते वाया जायला नकोत.

आणखी एक. आमचा गेराल्ट (गेमचा नायक) सध्या २४ व्या लेव्हलला आहे, मुख्य कथा साधारण अर्धी झाली आहे. एक्सपान्शनला ३२ आणि ३४ लेव्हल लागते असं वाचलं. मुख्य कथा संपवूनच तिकडं जावं का? कृपा करून कथा फोडू नका, बहीणही हे वाचणार आहे.

प्रतिसाद (इचलकरंजी)

भावा, मित्र खरं बोलतोय. पीएस४ वर डिस्क कुठलीही चालते, पण एक्सपान्शन ज्या स्टोअरमधून घेशील तिथल्याच आवृत्तीला लागतं. कव्हरच्या कडेला बघ, सीयूएसए आणि पुढं पाच आकडे छापलेले असतात. तो त्या आवृत्तीचा कोड. त्याहून सोपं म्हणजे वयाचा शिक्का बघ. पीईजीआय असेल तर डिस्क युरोपकडची. ईएसआरबीचा 'एम' असेल तर अमेरिकेची, आणि मग भारतातल्या स्टोअरचं एक्सपान्शन तिला लागणार नाही.

खात्री करायला एक पैसाही लागत नाही. ती सोळा फुकटची आहेत ना, त्यातलं एखादं, टेमेरियाचं चिलखत वगैरे, तुझ्या खात्यावरून उतरवून घे. गेममध्ये दिसलं तर विकतचंही दिसेल.

हे आधी कर, कारण पीएस स्टोअरवर चौदा दिवसांत परतावा मागता येतो, पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच. म्हणजे विकत घेऊन चालतंय का बघू म्हणशील तर बघायच्या नादातच परताव्याचा हक्क जातो. कन्सोलवर आपोआप डाउनलोड चालू असेल तर तेही बंद करून ठेव.

प्रतिसाद (पुणे)

दादा, पीसीवर खेळणाऱ्यांसाठी लिहून ठेवते, कारण स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचा नियम वेगळा आहे. तिथं डीएलसी घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मिळतात. म्हणजे लावून बघायला वाव असतो.

माझा भाऊ वेगळ्याच ठिकाणी अडकला होता. एल्डन रिंग या गेमचं 'शॅडो ऑफ द अर्डट्री' हे एक्सपान्शन आलं त्या दिवशी, २१ जून २०२४ ला, घेतलं, आणि आत जायची वाटच सापडेना. रडान आणि मोग हे दोघं मोठे शत्रू हरल्याशिवाय तिकडं जाताच येत नाही, आणि मोगपर्यंत पोचणंच किती अवघड! विकत घेण्याआधी ते कुठून सुरू होतं हे बघून घ्यायलाच हवं. सायबरपंक या गेमचं 'फँटम लिबर्टी' हे एक्सपान्शन तर पीएस४ वर आलेलंच नाही, ते तुम्ही घेऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता

शिक्का ईएसआरबीचा 'एम' निघाला. तरी फुकटचं चिलखत उतरवून बघितलं, गेममध्ये आलं नाही. पैसे वाचले, दोघांचेही आभार. आता अमेरिकेचं खातं काढून तिथून घेऊ, की डिस्क विकून भारतातल्या स्टोअरवरची कम्प्लीट एडिशन घेऊ?

प्रतिसाद (इचलकरंजी)

अमेरिकेचं खातं चालतं. त्या खात्यासाठी तुझा पीएस४ प्रायमरी (मुख्य कन्सोल) केलास की तिथून घेतलेलं एक्सपान्शन तुझ्या नेहमीच्या खात्यावरही खेळता येतं. पण आपलं कार्ड तिथं चालत नाही, त्यांच्या स्टोअरचं गिफ्ट कार्ड शोधावं लागतं, आणि ते विकणारे सगळेच भरवशाचे नसतात. फायदा एवढाच, की तुझा सेव्ह (आतापर्यंतचा साठवलेला खेळ) जसाच्या तसा राहतो.

कम्प्लीट एडिशन सेलमध्ये बऱ्यापैकी उतरते आणि दोन्ही कथा त्यातच येतात. पण पीएस४ वर सेव्ह गेमच्या कोडला बांधलेला असतो, त्यामुळे कोड वेगळा असला की जुना सेव्ह बहुतेक दिसत नाही. अर्धी कथा परत खेळायची तयारी आहे का, ते बहिणीला विचार. तिनं निवडलेले पर्याय त्यात आहेत. मी असतो तर गिफ्ट कार्डाची खटपट केली असती.

लेव्हलचं म्हणशील तर आधी मुख्य कथा संपव. 'ब्लड अँड वाइन' सगळ्यात शेवटी खेळायची गोष्ट आहे, का ते खेळल्यावर कळेल. दिवस कमीच पडले तर नवा गेम सुरू करताना फक्त एक्सपान्शन खेळायचा पर्याय असतो. त्यात तयार लेव्हलचा गेराल्ट मिळतो, पण तो तुमचा नसेल.

मूळ प्रश्नकर्ता

बहिणीला विचारलं. सेव्ह सोडायचा नाही म्हणाली. अमेरिकेचं खातं काढतो. गिफ्ट कार्ड कुठून घ्यावं, हे ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनीच सांगा. पावसानं आमच्या भागातलं नेट रडतंय, उत्तराला उशीर झाला तर रागावू नका.