खाडीकाठच्या मातीतलं कीटकनाशक जिवाणूंकडून संपवावं का?

ऐरोलीकर:
ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकापासून रासायनिक कारखाने आले. आता कित्येक ठिकाणी काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण खालची माती तीच. लिंडेन या कीटकनाशकाचा वापर देशात २०१३ला थांबला, तरी असलं औषध मातीत मुरलं की वर्षानुवर्षं हलत नाही. माती खणून दुसरीकडे नेऊन टाकणं म्हणजे आपला कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटणं. त्यापेक्षा जिवाणू वापरा. भारतातल्याच मातीतून मिळालेला स्फिंगोबियम इंडिकम लिंडेनच्या रेणूतला क्लोरीन सोडवतो आणि उरलेला कार्बन खाऊन वाढतो. मला हा मार्ग मनापासून पटतो.

खारफुटी:
दादा, प्रयोगशाळेतल्या बाटलीत पटतो. इथे दिवसातून दोनदा भरती येते. पाणी खारं आणि बोटभर खाली गेलं की काळ्या गाळात प्राणवायू नाही. तुमचा जिवाणू तिथे तग धरेल? शिवाय 'औषध गेलं' म्हणजे विष गेलं असं नाही. डीडीटीचं डीडीई होतं आणि ते तितकंच चिवट. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक तुटलं की टीसीपी नावाचं रसायन उरतं, ते तर जिवाणूंनाच मारक. अहवालात मूळ औषध शून्य दिसेल आणि सगळे टाळ्या वाजवतील. २०२२ला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळालेली ठाणे खाडी आहे ही, फ्लेमिंगो याच चिखलात चोच घालतात. मला याची भीती वाटते, आणि ती उगाच नाही.

ईटीपीवाला:
तळोज्यात सांडपाण्याच्या टाक्या सांभाळतो. आमच्याकडे एकदा रात्री न सांगता आम्लाचा लोड सोडला, सकाळी टाकीतला जिवाणूंचा सगळा गाळ मेलेला. पुन्हा जिवाणू धरायला तीन आठवडे गेले. जिवाणू काम करतात, पण त्यांना रोज बघावं लागतं. सोडले आणि विसरले, असं चालत नाही.

ऐरोलीकर:
खाडीचं मान्य, ताई. मी जमिनीवरच्या मातीबद्दल म्हणतोय: वाफे करायचे, ओल राखायची, माती उलटीपालटी करून हवा खेळती ठेवायची.

वाशीचा रहिवासी:
आणि खर्च पालिकेने, म्हणजे आपण करायचा? ज्याने विष सांडलं त्याच्याकडून वसूल करा. नाहीतर उद्या प्रत्येक जण म्हणेल, सांडू दे, जिवाणू आहेत की.

खारफुटी:
वाफ्यांना माझी ना नाही. खाली प्लास्टिकचं अस्तर घाला, पावसाळ्यात झरणारं पाणी अडवा, मूळ औषधासोबत डीडीई आणि टीसीपीही मोजा. खाडीत मात्र एक बादलीसुद्धा ओतू देणार नाही.