लायनर पुलरला पाटा नको

गाडीच्या स्प्रिंगचा जुना पाटा कापून त्यावर नट वेल्ड केला की लायनर पुलर, म्हणजे इंजिन ब्लॉकमधून सिलिंडरची आतली नळी (लायनर) ओढून काढायचं अवजार, तयार, असं काही जण सांगतात. पुलर घरी करावाच, पण पाट्याचा नको. त्या पोलादात कार्बन जास्त. थंड पाट्यावर वेल्डिंग मारलं की टाक्याशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि ताण आला की तिथूनच तडकतो. त्यापेक्षा साध्या एमएसची (माइल्ड स्टील, कमी कार्बनचं पोलाद) वीसेक मिलिमीटर जाडीची चकती घ्या. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे टर्नर आहेत, त्यांना पायरी काढणं म्हणजे हातचा मळ. वरची पायरी लायनरच्या आत सैल बसेल अशी. खालची लायनरच्या कडेखाली अडकली पाहिजे, पण बाहेरच्या व्यासापेक्षा मिलिमीटरभर कमी, नाहीतर ब्लॉकच्या बोअरला (लायनर बसतो त्या भोकाला) ओरखडे पाडत वर येते. दोन बाजू सपाट कापल्या की चकती तिरकी करून वरूनच आत सोडता येते.

चकतीतून वर येणारा आट्यांचा रॉड ब्लॉकवर टेकवलेल्या आडव्या पट्टीवरचा नट फिरवून ओढायचा. खरी मेख या वरच्या नटात आहे, ती कुणी सांगतच नाही. नटाखाली नुसता वॉशर टाकला तर निम्मा जोर घासण्यातच जातो आणि रॉड पिळतो. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) बदलताना निघालेलं, अजून मोकळं फिरणारं थ्रस्ट बेअरिंग (उभा दाब घेणारं) तिथे घाला, आट्यांना ग्रीस लावा. पान्याला लांब पाइप न लावता लायनर सुटतो. आणि हो, पिस्टनवर तेल मारणारे नोझल असतील तर चकती सोडण्याआधी काढून ठेवा. एकदा वाकले की पिस्टन तापलाच.